‘सोडत नाही’ विरुद्ध ‘खेळत नाही’: कार्सन पामर आणि बेंगल्सची 2011 ची लढाई

नमस्कार मंडळी.

2011 चा जानेवारी महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला सिनसिनाटी बेंगल्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. तिथला क्वार्टरबॅक कार्सन पामर एजंटमार्फत मालकांना निरोप धाडतो: मला दुसऱ्या कुठल्याही संघाला देऊन टाका, नाहीतर मी खेळणंच सोडतो. वय 31. कराराचे चार हंगाम शिल्लक. त्यातल्या पहिल्याच वर्षाचा पगार होता एक कोटीच्या वर, डॉलरमध्ये. नेमका सांगायचा तर 1 कोटी 15 लाख डॉलर.

मालक म्हणाले, देत नाही. पामर म्हणाला, मग खेळत नाही. आणि तो खरोखरच कॅलिफोर्नियात जाऊन घरी बसला.

अशा धमक्या खेळाडू पुष्कळ देतात. सराव शिबिर सुरू झालं, दंड लागायला लागला, की बहुतेक जण गुपचूप परत येतात. पामर आला नाही. म्हणून ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. एनएफएलमधला, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला, करार नक्की कोणाला बांधतो, हे या एका भांडणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आपल्याकडे हा खेळ फार कोणी बघत नाही, म्हणून थोडं सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो माणूस. पास कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि त्याच वेळी समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. चांगला क्वार्टरबॅक मिळायला संघांना दहा-दहा वर्षं लागतात. त्यामुळे तो गेला तर बाकीचा संघ कितीही भारी असला तरी मालकाची झोप उडते.

[स्क्रीनवर: 2003 चा ड्राफ्ट, पहिला क्रमांक]

पामर बेंगल्सकडे आला कसा? त्याने संघ निवडला नव्हता. संघाने त्याला निवडलं. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एनएफएलमध्ये दरवर्षी वाटणी होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिला हक्क. 2002 मध्ये बेंगल्सने 16 पैकी फक्त 2 सामने जिंकले होते. त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना पामरने कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, मिळवला होता. देशातला सगळ्यात चांगला मुलगा देशातल्या सगळ्यात वाईट संघाकडे गेला. आयपीएलच्या लिलावात निदान चार फ्रँचायझी तुमच्यावर बोली लावू शकतात. इथे एकाच संघाचा तुमच्यावर हक्क. नको असेल तर एनएफएलमध्ये दुसऱ्या कोणाशी बोलायचीही सोय नाही.

पहिलं वर्ष तो बाकावर बसला. 2005 मध्ये मात्र कमाल झाली. 32 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, संघाचे 11 विजय, आणि 1990 च्या हंगामानंतर पहिल्यांदाच बेंगल्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत. त्याच डिसेंबरमध्ये त्याने 2014 पर्यंतचा करार केला. पुढे सगळा वाद ज्या कागदावरून झाला, तो हाच.

आता 8 जानेवारी 2006 चा तो सामना. मला वाटतं, पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा एक क्षण नीट बघायला हवा. पॉल ब्राउन स्टेडियम खचाखच भरलेलं, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. पामरचा सामन्यातला पहिलाच पास. चेंडू उंच गेला आणि बेंगल्सच्याच ख्रिस हेन्रीने तो पकडला, 66 यार्ड. सगळं स्टेडियम तिकडे बघत ओरडत होतं. इकडे मागे पामर जमिनीवर पडला होता. चेंडू हातातून सुटला त्याच क्षणी स्टीलर्सचा किमो वॉन ओल्हॉफेन त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला होता. गुडघ्यातले लिगामेंट फाटले. बेंगल्स 31-17 हरले. स्टीलर्स त्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून गेले. बचावपटूने क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर किंवा त्याखाली आदळू नये, हा नियम त्यानंतर कडक झाला.

पामर पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्याला मैदानावर हजर होता. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, आठ महिन्यांत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यावर ‘कच खाल्ली’ असा आरोप झाला, आणि तो मला अजिबात पटत नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. 2008 मध्ये कोपर दुखावलं, चारच सामने खेळला. 2009 मध्ये गटात पहिले आले, पण प्लेऑफचा पहिलाच सामना हरले. 2010 मध्ये 4 विजय, 12 पराभव. आणि मग तो निरोप.

त्याची तक्रार पैशाची नव्हती. पैसा त्याला भरपूर मिळत होता. तक्रार संघ चालवण्याच्या पद्धतीची होती. बेंगल्सचे संस्थापक पॉल ब्राउन. 1991 मध्ये ते वारले आणि संघ मुलाकडे, माइक ब्राउन यांच्याकडे आला. बहुतेक संघांमध्ये मालक वेगळा आणि खेळाडूंची भरती बघणारा जनरल मॅनेजर वेगळा असतो. इथे दोन्ही खुर्च्यांवर माइक ब्राउनच. खेळाडू शोधणारे स्काउट इतर संघांच्या मानाने मोजकेच. ओहायोच्या थंडीत छताखाली सराव करायला स्वतःची जागाही त्या काळी या संघाकडे नव्हती. निवृत्तीनंतर पामरने उघडच सांगितलं, की हा संघ सुपर बोल जिंकायच्या इराद्याने चाललाय असं त्याला तिथे कधी वाटलंच नाही. माणसाची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, त्यातली आठ अशी गेली. मला त्याचं म्हणणं समजतं.

पण ब्राउन यांचीही बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. 2011 च्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार संपल्यामुळे अख्ख्या लीगला टाळं लागलं होतं. जुलैच्या शेवटी ते उघडलं. लगेच पत्रकारांनी ब्राउन यांना पामरबद्दल विचारलं. त्यांच्या बोलण्याचा सार असा: कार्सनने करार केला, शब्द दिला, त्या शब्दावर आम्ही विसंबून राहिलो, आता तो शब्द मोडून निघाला असेल तर त्याचं बक्षीस आम्ही त्याला देणार नाही. ऐकायला हे भारदस्त वाटतं. सिनसिनाटीतल्या अनेकांना ते पटलंही. खेळाडूने हट्ट धरला की सोडायचं, असं एकदा झालं तर उद्या प्रत्येक जण दारात उभा राहील, ही भीतीही खोटी नव्हती.

तरी माझा आक्षेप इथेच आहे. शब्द दोन्हीकडून पाळायचा असतो. एनएफएलच्या बहुतेक करारांत पुढच्या वर्षांचा पगार कागदावर असतो, हमीचा नसतो. खेळाडू दुखापतग्रस्त झाला, म्हातारा झाला, महाग वाटायला लागला, की संघ त्याला मोकळं करतो आणि उरलेल्या वर्षांचे बिनहमीचे पैसे द्यायची गरज राहत नाही. त्याला कोणी शब्द मोडणं म्हणत नाही, तो व्यवहार. दुसऱ्या संघाला द्यायचं असेल तर करारात तशी खास अट असल्याशिवाय खेळाडूला विचारावंही लागत नाही. आणि बघा, ब्राउन हे बोलले त्याच आठवड्यात बेंगल्सने पास पकडणाऱ्या चॅड ओचोसिंकोला न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाकडे पाठवून दिलं. हाच ओचोसिंको 2008 मध्ये ‘मला जाऊ द्या’ म्हणून आक्रोश करत होता. तेव्हा संघाला तो हवा होता, म्हणून सोडला नाही. आता नको होता, म्हणून पाठवला.

मग खेळाडूच्या हातात काय उरतं? न येणं. एवढंच. पण त्याचीही किंमत आहे. तो शिबिराला आला नाही की संघ त्याला ‘हजर झाला नाही’ अशा यादीत टाकतो. पगार बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही, करार तिथल्या तिथे गोठतो. पामर चार वर्षं घरी बसला असता तरी चार वर्षांनी तो बेंगल्सचाच राहिला असता. निवृत्ती जाहीर केली तरी हक्क संघाकडेच. वाट पाहून सुटका नाही. समोरच्याला तुमच्यापेक्षा आधी घाई व्हायला हवी, तरच काही होतं.

एनएफएलमध्ये सर्वसाधारण खेळाडू तीन-चार वर्षं टिकतो. असा मुलगा वर्षभर घरी बसूच शकत नाही. घराचे हप्ते असतात, आणि त्याची जागा घ्यायला रांग लागलेली असते. पामर बसू शकला कारण आठ वर्षांची कमाई गाठीशी होती. त्याच्या लढ्याबद्दल मला आदर आहे, पण हा मार्ग मूठभरांनाच परवडणारा आहे, हेही तितकंच खरं.

इकडे बेंगल्सने एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत अँडी डाल्टन नावाचा क्वार्टरबॅक घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर ए. जे. ग्रीनसारखा पास पकडणारा मिळाला. हंगाम सुरू झाला, डाल्टन बरा खेळायला लागला. आता ब्राउन यांना घाई नव्हती. पामर घरी बसून होता आणि त्याचा भाव दर आठवड्याला उतरत होता. सप्टेंबरच्या शेवटी कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मालक जिंकले.

[स्क्रीनवर: ऑक्टोबर 2011 चं कॅलेंडर]

आणि मग दहा दिवसांत सगळं फिरलं. 8 ऑक्टोबरला ओकलंड रेडर्सचे मालक अल डेव्हिस वारले. खेळाडूंच्या भरतीवर वर्षानुवर्षं त्यांचाच शब्द शेवटचा असायचा. ते गेल्यावर मुख्य प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांचं वजन एकदम वाढलं. 16 तारखेला, रविवारी, रेडर्सचा क्वार्टरबॅक जेसन कॅम्पबेल याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. संघ 4 विजय, 2 पराभव अशा जोरात होता. आणि अदलाबदलीची मुदत संपत होती मंगळवारी, 18 तारखेला.

जॅक्सन यांना पामर नवा नव्हता. सदर्न कॅलिफोर्नियात ते प्रशिक्षक असताना पामर तिथे आला होता, आणि पुढे बेंगल्समध्येही दोघं एकत्र होते. त्यांनी फोन फिरवला. ब्राउन यांनी मागितली ती किंमत बघा: 2012 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क, शिवाय 2013 मधला दुसऱ्या फेरीचा, आणि रेडर्सनी प्लेऑफमध्ये ठरावीक मजल मारली तर तोही पहिल्या फेरीचा. दहा महिने पामरला ‘सोडत नाही, सोडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाने मुदतीच्या दिवशी सोडलं. जॅक्सन तर भलतेच खूश होते. फुटबॉलमधली ही सर्वात मोठी अदलाबदल ठरेल, अशी भाषा त्यांनी केली.

पाच दिवसांनी, 23 ऑक्टोबरला, कॅन्सस सिटीविरुद्ध पामर मैदानात उतरला. नवीन संघ, अंगाला सरावाची सवय नाही, आणि जेमतेम चार-पाच दिवसांचा अभ्यास. त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. त्याच्या आधी खेळलेल्या काइल बोलरचेही तीन गेले होते. रेडर्स 28-0 हरले.

हंगामाच्या शेवटी रेडर्सचे 8 विजय, 8 पराभव, प्लेऑफ हुकलं. जॅक्सन यांची नोकरी जानेवारीत गेली. बेंगल्स मात्र डाल्टनला घेऊन प्लेऑफमध्ये पोहोचले, आणि लागोपाठ पाच वर्षं पोहोचत राहिले. पामरच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांवर त्यांनी ड्रे कर्कपॅट्रिक आणि जिओव्हानी बर्नार्ड हे दोघं खेळाडू उचलले. बर्नार्डने तर पुढे आठ हंगाम त्यांच्यासाठी घाम गाळला. हिशेबाने बघितलं तर ब्राउन यांचा हट्ट त्यांना चांगलाच फळला.

पण त्या पाचही वर्षी बेंगल्स प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात गारद झाले. 1991 च्या जानेवारीनंतर प्लेऑफमधला पहिला विजय त्यांना मिळाला तो थेट 2022 च्या जानेवारीत. पामर ज्याच्याबद्दल तक्रार करत होता तो रोग क्वार्टरबॅक बदलून गेला नव्हता. आणि पामर? रेडर्समध्ये दोन हंगाम काढून तो ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेला. 2015 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्या संघाने 16 पैकी 13 सामने जिंकले आणि सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, कॅरोलायना पँथर्ससमोर, तो थांबला. घरी बसायची हिंमत केली नसती तर हे वर्ष त्याच्या वाट्याला आलं असतं असं मला वाटत नाही.

या सगळ्यात एक पक्ष असा आहे ज्याला कोणी विचारलंच नाही. पॉल ब्राउन स्टेडियम बांधायला पैसे आले ते हॅमिल्टन काउंटीतल्या लोकांच्या खिशातून. 1996 मध्ये मतदान घेऊन तिथे विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवला गेला. म्हणजे किराणा सोडून बूट घ्या, फ्रिज घ्या, थोडा पैसा स्टेडियमला. नोव्हेंबर 2012 मध्ये पामर रेडर्सचा क्वार्टरबॅक म्हणून त्याच मैदानात परतला, तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली आणि बेंगल्स 34-10 जिंकले. त्यांचा राग मला समजतो. दर वर्षी तिकीट काढणाऱ्याला आपला खेळाडू पाठ फिरवून गेला की लागतंच. फक्त त्यातला थोडा राग मालकांच्या खोलीपर्यंतही पोहोचायला हवा होता, असं मला वाटतं.

पुढच्या व्हिडिओत 2004 चं प्रकरण घेतोय: ईलाय मॅनिंगने ड्राफ्टच्या आधीच सॅन डिएगो चार्जर्सना ‘मला घेऊ नका’ म्हणून सांगितलं होतं, आणि तरीही त्यांनी त्याला घेतलं. तोवर तुम्ही पामरच्या जागी काय केलं असतं ते खाली लिहा, मी सगळं वाचतो. भेटू.