सात इंचांचा गोल दिवा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘मोटारींच्या दिव्यांचे प्रमाणीकरण’ असा भारदस्त छापला आहे. त्याकडे मी वळणार आहेच. पण आधी माझ्या गाडीच्या डाव्या डोळ्याची हकिकत ऐकून घ्यावी लागेल.

गेल्या श्रावणात गाडीचा डावा डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारी ती पांढरी रेघ, आधी लुकलुकू लागला आणि आठवड्याभरात विझला. मला ते कळायलाही उशीर झाला. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबरच लागू लागले, तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक परोपकारी माणूस पंजाची उघडझाप करून ‘दिवा चालू राहिलाय’ असे खुणावत असे. दिवा बंद पडल्याचे मात्र कोणीही खुणावत नाही.

सर्व्हिस सेंटरमधील सल्लागाराने बॉनेट उघडण्याची तसदी न घेता अंदाजपत्रक काढले : संपूर्ण हेडलॅम्प असेंब्ली, मजुरी आणि करासह ४१ हजार रुपये. नुसती ती पट्टी मिळणार नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, ती सुटी येत नाही. तिला पार्ट नंबरच नाही.” मी विम्याकडे वळलो. विजेच्या यंत्रणेत आपसूक झालेला बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, आणि दिवा अपघातात फुटला असता तरी काचेवर घसारा कापत नाहीत, प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. आपण जिला हेडलाइटची काच म्हणतो ती आता पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, हे ज्ञान मला त्या काउंटरवर फुकट मिळाले. त्या इमारतीत फुकट मिळालेली ती एकमेव वस्तू.

शेवटी आमच्या पेठेतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बंपर उतरवला, दिवा भट्टीत ठेवून कडेचे सीलंट मऊ केले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काच हलकेच उचकटली. गरम दिवा पावसात एकदम थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढतो. ती परत जावी म्हणून मागे श्वासाचे छिद्र असते. माझ्या दिव्याचे ते छिद्र चिखलाने बुजले होते. एलईडींना नेमका प्रवाह पुरवणाऱ्या, काडेपेटीएवढ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या सर्किटच्या पाटीवर हिरवा गंज चढला होता. एलईडी एकही गेला नव्हता. दुसरा ड्रायव्हर, नवे सीलंट आणि मजुरी मिळून २,६०० रुपये झाले. “गॅरंटी नाही काका,” तो म्हणाला, “पण पाऊस संपला की एकदा दाखवून जा.”

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ मुद्दा आता धावतच मांडतो. दिवा सीलबंद असण्याला माझा आक्षेप नाही. अमेरिकेत १९४० पासून चार दशकांहून अधिक काळ मोटारींना सीलबंद दिवेच सक्तीचे होते आणि ते गेले की अख्खे बदलावे लागत. पण मापे ठरलेली, सुरुवातीला तर एकच, सात इंच गोल, त्यामुळे कोणत्याही दुकानात ते मिळत आणि स्वस्तात मिळत. १९८३ मध्ये त्या नियमाने बदलता येणाऱ्या बल्बच्या, हव्या त्या आकाराच्या दिव्यांना वाट दिली. आपल्याकडे अँबॅसडरचा दिवाही गोलच होता, आणि ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब आजही काहीशे रुपयांत मिळतो. एलईडी कमी वीज खातो आणि पुष्कळ टिकतो, हे मान्य. पण आता प्रत्येक मॉडेलचा डोळा वेगळा आणि आतले सारे एकजीव, म्हणून एका पाटीसाठी सबंध डोळा काढावा लागतो.

माझी मागणी इतकीच आहे की बाहेरचा आकार कंपनीने हवा तसा वळवावा, मात्र ड्रायव्हर, एलईडीची पट्टी आणि त्यांचे कनेक्टर ठरलेल्या मापाचे, मागून काढता येणारे आणि स्वतंत्र पार्ट नंबर असलेले असावेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल काढले त्यात मोटारींचाही समावेश आहे. तिथे सुट्या भागांची नुसती यादी नको, किमतीही छापायला लावाव्यात.

दुसरी चिठ्ठी आली. तो गंजलेला ड्रायव्हर मी काडेपेटीत घालून आणला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी चहाच्या टेबलापाशी यावे.