ऑस्ट्रेलियाची क्रूझ घेताय? जहाज नेमकं कुठे लागतं ते आधी बघा

नमस्कार मंडळी! मुलगा-सून सिडनीत, आईबाबा दोन-तीन महिन्यांसाठी आलेले, आणि मुलं म्हणतात, "तुम्ही दोघं मस्त एक आठवडा क्रूझ करून या." आता बऱ्याच मराठी घरांत हे होतं. मग सगळे बसतात केबिन बघायला: बाल्कनी आहे का, जेवण कसं आहे. मी म्हणते, ते नंतर. आधी थांबे बघा, कारण ब्रोशरमध्ये शहराचं नाव असतं आणि जहाज लागतं भलतीकडेच.

[स्क्रीनवर: पूर्व किनाऱ्याचा नकाशा]

सुरुवात सिडनीपासून. इथे क्रूझचे धक्के दोन. एक सर्क्युलर की, ऑपेरा हाउसच्या अगदी समोर. ट्रेनमधून उतरायचं आणि बॅग ओढत चालत जायचं. दुसरा व्हाइट बे, हार्बर ब्रिजच्या आतल्या बाजूला. तिथे ट्रेन जात नाही, टॅक्सीच बरी. पुलाखाली मोकळी उंची साधारण 49 मीटर, त्यामुळे मोठी जहाजं आत जाऊच शकत नाहीत. जहाज सुटताना मात्र केबिनमध्ये बॅगा लावत बसू नका. वर डेकवर जा. बंदराच्या तोंडाशी नॉर्थ हेड आणि साउथ हेड हे दोन कडे आहेत. ते ओलांडले की पायाखाली पहिल्यांदा समुद्राचा हेलकावा जाणवतो. उलटीची गोळी घ्यायची असेल तर ती त्याआधी घ्या.

ब्रिस्बेनचं टर्मिनल 2022 मध्ये सुरू झालं, नदीच्या मुखाशी, विमानतळाच्या बाजूला. शहर तिथून बरंच लांब आहे. जायची सोय आधी ठरवली नसेल तर अर्धा दिवस त्यातच जातो.

आता एअर्ली बीच, व्हिटसंडे बेटांचं दार. इथे धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि टेंडर, म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, खाली बोट वरखाली होत असते, दोन्ही बाजूंना खलाशी उभे. ते तुमचं कोपर धरतात, बोट वर येईपर्यंत थांबवतात आणि मग म्हणतात, "नाऊ!" त्या क्षणी पाय टाकायचा. हात दोन्ही मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची सॅकच घ्या. गुडघ्याचा त्रास असेल तर हा विचार तिकीट काढण्याआधीच करा. वारा जास्त असला तर कप्तान थांबाच रद्द करतो, हेही मनात धरून चला.

पण जमलं, तर व्हाइटहेवन बीचला जाच! सुमारे सात किलोमीटरची वाळू, जवळजवळ शुद्ध सिलिकाची. भर उन्हातसुद्धा पाय भाजत नाहीत. नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा मोसम असतो, म्हणून पाण्यात उतरताना अंगभर स्टिंगर सूट घालायचाच.

[कॅमेरा जवळ]

हे नीट ऐका. क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेन, एअर्ली बीच, केर्न्स ज्या राज्यात आहेत तिथे, डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं) नाही, सिडनीत आहे. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दोन्हींत एक तासाचा फरक. जहाज सिडनीचीच वेळ ठेवत असेल, तर तुमच्या मोबाइलवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार वाजलेले असतात. परतायची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाची. मनगटावर साधं घड्याळ लावा, जहाजावरच्या वेळेचं.

केर्न्सला मोठी जहाजं शहरात न येता यॉर्कीज नॉबपाशी नांगर टाकतात, म्हणजे पुन्हा टेंडर. ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची रांग, आणि कुरांडा हे डोंगरातलं गाव, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. पोहता येत नसेल तर बेधडक कुरांडा घ्या: 1891 मध्ये पूर्ण झालेली डोंगरातली रेल्वे जाताना, आणि येताना जंगलावरून स्कायरेल, म्हणजे केबल कार.

दक्षिणेकडे जाणारी क्रूझ असेल तर मला सगळ्यात आवडतं ते ईडन. छोटं गाव, टूफोल्ड बे नावाचा खोल उपसागर. इथे किलर व्हेल, म्हणजे ऑर्का, मोठ्या देवमाशांना खाडीत हाकत आणायचे आणि शिकारी बोटींना वर्दी द्यायचे. बदल्यात देवमाशाची जीभ आणि ओठ ऑर्कांचे! इथल्या मूळच्या थावा लोकांचं ऑर्कांशी नातं गोऱ्या शिकाऱ्यांच्या कितीतरी आधीचं, आणि त्या बोटींवर वल्ही मारणाऱ्यांतही ते होते. त्या ऑर्कांपैकी ओल्ड टॉम 1930 मध्ये मेला. त्याचा सांगाडा गावातल्या म्युझियममध्ये आहे. त्याचे झिजलेले दात जवळून बघा. दातांत दोर धरून तो बोट ओढायचा, असं गावात सांगतात. आम्ही दोघं त्या सांगाड्यासमोरून हलेचना.

टास्मानिया बेटावरच्या होबार्टला धक्का गावातच, शनिवार असेल तर सॅलामांका बाजार चालत दहा-पंधरा मिनिटांवर. उतरताना पर्समध्ये सफरचंद, केळं काही ठेवू नका. टास्मानियात फळांबाबत फार कडक आहेत, वास घेणारे कुत्रे असतात.

आणि आईबाबांची क्रूझ न्यूझीलंडला जाऊन परत येणारी असेल, तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे पैसे भरण्याआधी बघा. न्यूझीलंडसाठी क्रूझच्या प्रवाशांना वेगळा व्हिसा लागत नाही, पण NZeTA ही ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.