उंदराला न आलेला ताप

खारघर स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'टाटा' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, हातातली जाड फाईल आणि सोबतचं माणूस बघूनच त्याला कळतं. सेक्टर २२ मधलं हे आवार म्हणजे ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सरच्या उपचाराचं आणि संशोधनाचं केंद्र. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचं बिऱ्हाड इकडे हललं, त्याला आता २० वर्षांहून जास्त काळ झाला. मागे पांडवकड्याचा डोंगर, पुढे ओपीडीची गर्दी. आणि याच आवारात एक अशी जागा आहे जिथे पेशंटला काय, नातेवाईकांनासुद्धा कधी जायला मिळत नाही, ती म्हणजे प्राणीगृह.

आजचा व्हिडिओ त्या प्राणीगृहातल्या उंदरांबद्दल आहे आणि वॉर्डातल्या पेशंटबद्दल आहे, दोघांबद्दल एकत्र. कारण घरच्या ग्रुपवर 'उंदरांवरचा प्रयोग यशस्वी, कॅन्सर बरा होणार' असा मेसेज फिरतो आणि लगेच कोणीतरी विचारतं की डॉक्टर हे औषध मिळणार कधी. आणि तेच डॉक्टर उद्या म्हणाले की एक ट्रायल चालू आहे, यायचं का, की त्याच घरातला कोणीतरी म्हणतो, आमच्या माणसावर प्रयोग नकोत. दोन्हीकडे काळजीच आहे हो, पण उंदीर आणि माणूस या दोघांच्या मधे काय काय घडतं ते कोणी बसून सांगितलेलं नसतं.

तर आधी उंदीर. घरात फिरतो तो हा नव्हे. एकाच वंशातले, पिढ्यानपिढ्या नोंद ठेवून वाढवलेले. त्यातला न्यूड माउस बघा, अंगावर केस नाहीत, कातडी गुलाबी आणि मानेपाशी सुरकुतलेली, कान मोठे दिसतात. याला जन्मतः थायमस ग्रंथी नीट तयारच होत नाही, त्यामुळे बाहेरचं काही अंगात शिरलं तर त्याला हाकलणाऱ्या टी पेशी नसतात. म्हणूनच माणसाची गाठ याच्या कातडीखाली रुजवली तर ती वाढते. दुसरा स्किड माउस, तो १९८३ साली फिलाडेल्फियात सापडला, त्याला टी पेशी पण नाहीत आणि बी पेशी पण नाहीत. पुढे त्याच्यावरून आणखी दुबळे वंश तयार केले गेले. हे उंदीर उघड्या हवेत ठेवले तर साध्या जंतूने मरतील म्हणून प्रत्येक पिंजऱ्याला गाळलेली हवा, खाणं पाणी निर्जंतुक करून, खाली मक्याच्या कणसाचा भुसा तोही निर्जंतुक, दिवे १२ तास चालू १२ तास बंद, आणि आत जाणारा माणूस गाऊन, मास्क, टोपी, ग्लोव्हज घालूनच जातो.

इथे रोजचं काम काय, तर एका हातात अलगद उंदीर धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या व्हर्नियर कॅलिपरने गाठीची लांबी रुंदी मोजायची, वजन करायचं, वहीत लिहायचं. गाठ ठरलेल्या मापापेक्षा मोठी झाली, उंदीर खायचा थांबला, वजन फार उतरलं, तर प्रयोग अर्धा राहिला तरी त्याला कमीत कमी वेदनेने मरण द्यावं लागतं, हे आधीच लिहून ठरवलेलं असतं. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी वेगळी नीती समिती असते, तिच्यात बाहेरचे सदस्यही बसतात. इतके उंदीर कशाला, कमी चालणार नाहीत का, प्राण्याशिवाय होणारच नाही का, हे तिथे विचारलं जातं. मला हे प्रश्न फार महत्त्वाचे वाटतात. त्या जिवाला आपण विचारलेलं नाही, तो नाही म्हणू शकत नाही, मग निदान त्याचं मरण फुकट जाऊ नये एवढी जबाबदारी तर आपली आहेच ना.

आता याच उंदरावर एक प्रयोग बघू, ज्याच्याशी खारघरचा थेट संबंध आहे. कार टी सेल थेरपी. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यात एक नवीन जनुक घालायचं म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशीवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखायला लागतात, मग त्या वाढवून परत त्याच पेशंटला द्यायच्या. हे चालतं का ते आधी दुबळ्या उंदरांवर बघतात. उंदराला माणसाच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी देतात, त्या पेशींमध्ये काजव्यासारखा उजेड देणारं एक प्रथिन घातलेलं असतं, त्यामुळे कॅमेऱ्याखाली कॅन्सर जिथे जिथे आहे तिथे उंदीर चमकतो. स्क्रीनवर दोन रांगा दिसतात. एका रांगेतले उंदीर आठवड्यागणिक जास्त जास्त उजळत जातात आणि मरतात, आणि ज्यांना कार टी दिलं त्या रांगेतला उजेड विझत जातो. संशोधकाला त्या दिवशी झोप येत नसेल, साहजिक आहे.

पण याच उंदराने एक गोष्ट अजिबात सांगितली नाही.

पहिल्यांदा ही थेरपी अमेरिकेत माणसांना दिली तेव्हा काही पेशंट तापाने फणफणले, बीपी पडलं, आयसीयूत न्यावं लागलं. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाची ६ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया केमोला दाद देत नव्हता, कार टी घेणारी ती पहिली लहान मुलगी. काही दिवसांत ती व्हेंटिलेटरवर. रक्त तपासलं तर आयएल-६ नावाचा घटक प्रचंड वाढलेला. ही थेरपी तयार करणाऱ्या टीमचे प्रमुख डॉ. कार्ल जून यांना त्यावरचं एक औषध माहीत होतं, टोसिलिझुमॅब, सांधेदुखीचं औषध, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. ते दिलं आणि ताप उतरला. एमिली शुद्धीवर आली ती तिच्या ७ व्या वाढदिवसाला, आणि २०२२ मध्ये कॅन्सरशिवाय तिची १० वर्षं पूर्ण झाली.

मग उंदराला हा ताप का नाही आला? तर टी पेशी कॅन्सरवर तुटून पडल्या की शेजारच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, मॅक्रोफेज, त्या खवळतात आणि आयएल-६ ओततात. आणि या प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा उंदीर इतका दुबळा केलेला की त्याच्या या पेशीसुद्धा धड काम करत नाहीत. माणसाची गाठ वाढावी म्हणून त्याच्यातून जे काढून घेतलं, त्यातच तापाचं कारण होतं. उंदीर ज्या गुणामुळे कामाचा त्याच गुणामुळे अपुरा. हे कळलं कसं, तर पेशंटकडून शिकून परत उंदराकडे जाऊन. २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि मिलानच्या टीमनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात त्या पेशी शाबूत होत्या किंवा माणसाच्या घातल्या होत्या, आणि त्यांच्यात तो त्रास झाला, शिवाय आयएल-६ च्या आधी आयएल-१ नावाचा तसाच दुसरा घटक येतो हेही सापडलं. म्हणजे उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता एकाच दिशेने जात नाही, पेशंटने दिलेली माहिती उलटी फिरून पिंजऱ्यापर्यंत जाते.

आणि याहून वाईटही झालंय, प्राण्यात सगळं ठीक आणि माणसात भयंकर. मार्च २००६, लंडन, टीजीएन-१४१२ नावाचं औषध. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या ५०० पट कमी डोस ६ निरोगी स्वयंसेवकांना दिला आणि काही तासांत सहाही जण गंभीर झाले. जीव वाचले, पण त्यानंतर पहिल्यांदा माणसाला देताना सगळ्यांना एकदम द्यायचं नाही, एकाला देऊन थांबायचं, बघायचं, मग दुसरा, ही काळजी जगभर घेतली जाऊ लागली.

आता परत खारघर. ४ जून २०२१, भारतातली पहिली कार टी थेरपी इथल्याच बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये दिली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून ती तयार केली, पुढे नेक्सकार-१९ नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्यातला कॅन्सर ओळखणारा तुकडासुद्धा मुळात उंदराच्या अँटीबॉडीवरून आलेला, तो बदलून माणसासारखा केला.

पेशंटच्या बाजूने हे कसं असतं ते सांगतो. आधी मशीनला जोडून बसायचं, एका नळीतून रक्त बाहेर, पांढऱ्या पेशी वेगळ्या, बाकीचं दुसऱ्या नळीतून परत आत, असे काही तास. ओठांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध कॅल्शियम बांधून ठेवतं, लगेच सिस्टरला सांगायचं, कॅल्शियम देतात. मग पेशी तयार होईपर्यंत वाट बघणं, थोडी केमो, आणि एक दिवस छोट्याशा पिशवीतून त्या पेशी परत. ती पिशवी काही मिनिटांत संपते आणि खरी पहारेदारी तिथून सुरू होते. दर काही तासांनी ताप, बीपी. आणि रोज एक परीक्षा. आज कोणता महिना, हे काय आहे पेन आहे ना, १०० पासून दहा दहा कमी करत उलटं मोजा, आणि एक वाक्य लिहून दाखवा. मेंदूवर परिणाम व्हायला लागला तर बऱ्याचदा ते आधी अक्षरात दिसतं, काल सरळ लिहिलेली ओळ आज वाकडी होते. अशी वही कुठल्याच प्राण्याकडून भरून घेता येणार नाही.

२०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात नेक्सकार-१९ च्या ट्रायलचे आकडे आले. ६४ पेशंट, ज्यांच्यात परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांना फायदा दिसला. आणि दोन मृत्यू उपचारामुळे झाले हेही त्यात लिहिलेलं आहे. फायदा झालेल्यांतसुद्धा काहींचा आजार काही महिन्यांत परत आला. हे सगळं छापलं गेलं पाहिजेच, कारण पुढच्या घराला निर्णय घ्यायचा असतो तो यावरच.

पेशंटवरचा अभ्यास म्हणजे दर वेळी नवीन महागडं औषध असतं असंही नाही. टाटाच्या पुढाकाराने ११ हॉस्पिटलांत एक अभ्यास झाला, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या आजूबाजूला लिग्नोकेन, म्हणजे दातवाल्याकडे बधिर करायला देतात तेच. कोणाला द्यायचं कोणाला नाही हे डॉक्टरने नाही, लॉटरीसारखं ठरवलं. १५८३ बायका. ५ वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के हयात होत्या आणि दिलेल्यांत ९०.१ टक्के. ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही त्यांचा हिशोब नसता तर हा फरक कधीच कळला नसता, त्या बायकांचं ऋण मोठं आहे.

म्हणून ट्रायलचा फॉर्म समोर आला की घाईत सही करू नका आणि घाबरून उठूही नका. तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून घ्यायचा तुमचा हक्क आहे, मराठी फॉर्म मागा, मागायला लाजू नका. विचारा की हे माणसांना आधी दिलंय का, किती जणांना, त्यांना काय झालं. ट्रायलमध्ये नाही आलो तर कोणता उपचार मिळेल. ट्रायलमुळे त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलबद्दलच्या २०१९ च्या नियमांत त्याची तरतूद आहे. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पेशंट लहान मूल असेल तर सही आईबाबांची, पण ७ वर्षांपुढच्या मुलालाही त्याच्या समजेप्रमाणे विचारायचं असतं. आणि घरी येऊन सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ती ट्रायल शोधा, ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे, २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते. सही केलेल्या फॉर्मची कॉपी मागून घ्या, त्यावर डॉक्टरांचा आणि नीती समितीचा नंबर असतो, आणि ती फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, रात्री दोन वाजता ताप चढला तर शोधत बसायला नको.