उपकार नव्हे, हक्क : मारी युखाच यांची संसदीय वाटचाल

मारी युखाच यांचे नाव आज जर्मनीत घेतले जाते ते बहुधा एका भाषणामुळे. १९ फेब्रुवारी १९१९ रोजी वायमार येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. देशाच्या प्रतिनिधिगृहात निवडून आलेल्या स्त्रीने बोलण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. स्त्रियांना मताधिकार मिळून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि पहिल्याच निवडणुकीत ३७ स्त्रिया त्या सभागृहात आल्या होत्या. युखाच यांनी ‘सभ्य पुरुषहो आणि स्त्रियांनो’ असे संबोधताच सभागृहात हशा पिकला, अशी नोंद लघुलेखकांनी इतिवृत्तात करून ठेवली आहे. त्या हशाने त्या विचलित झाल्या नाहीत. पुढे त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते : सरकारने मताधिकार दिला म्हणून जर्मन स्त्रिया रूढ अर्थाने त्याचे आभार मानणे लागत नाही; जे आजवर अन्यायाने नाकारले गेले होते तेच त्याने त्यांना दिले आहे.

हे बोल पुस्तकी नव्हते. १८७९ साली लांट्सबेर्ग येथे एका सुताराच्या घरी जन्मलेल्या मारीचे शिक्षण प्राथमिक शाळेपाशी थांबले. मोलकरीण, कारखान्यातील कामगार, मनोरुग्णालयातील परिचारिका अशी कामे करीत तिने पैसे साठवले आणि त्यातून शिवणकाम शिकून घेतले. लग्न मोडल्यावर दोन मुले आणि धाकटी बहीण एलिझाबेथ यांच्यासह ती १९०६ साली बर्लिनला आली. प्रशियात तेव्हा स्त्रियांना राजकीय पक्षाचे सभासदही होता येत नसे. ती बंदी १९०८ च्या कायद्याने उठली. १९१७ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या महिला विभागाची जबाबदारी युखाच यांच्याकडे आली, आणि १९१९ च्या राष्ट्रीय सभेत या दोघी बहिणी एकत्रच निवडून आल्या.

मात्र त्यांचे खरे कर्तृत्व मी त्या भाषणात नव्हे, तर त्याच वर्षाच्या अखेरीस पाहतो. १३ डिसेंबर १९१९ रोजी त्यांच्या पुढाकाराने कामगार कल्याण संघटना, म्हणजेच आर्बायटरवोलफार्ट, स्थापन झाली. तोवर गरिबांना मदत करण्याचे काम मुख्यतः चर्चच्या संस्था आणि सुखवस्तू घरांतील स्त्रिया यांच्याकडे होते, आणि घेणाऱ्याने मान खाली घालूनच घ्यावे अशी त्यामागची रीत होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांत या संघटनेने शिवणवर्ग आणि भोजनगृहे चालवली, आणि मदत करणाऱ्या व मदत घेणाऱ्या या दोन्ही बाजूंना कामगारच असावेत असा आग्रह धरला. मताधिकाराबाबत मांडलेले तत्त्व त्यांनी येथे भाकरीला लावले. १९२८ मध्ये संघटनेने बर्लिनला समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळाही काढली. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, सदस्य म्हणून युखाच १९२० पासून १९३३ पर्यंत काम करीत होत्या, पण सभागृहाचे काम आणि संघटनेचे काम हे त्यांच्या लेखी वेगळे नव्हतेच.

१९३३ मध्ये नाझींनी सत्ता हाती घेताच संघटना मोडून काढली आणि युखाच यांना देश सोडावा लागला. प्रथम त्या सारलांटला गेल्या; हा प्रदेश तेव्हा जर्मनीच्या नव्हे, तर राष्ट्रसंघाच्या प्रशासनाखाली होता. तेथेही त्यांनी इतर निर्वासितांसाठी भोजनाची सोय सुरू केली. पुढे फ्रान्स, तेथून कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक हे फ्रेंच बेट आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास झाला. युद्ध संपल्यावर जर्मनीतील गरजूंना मदतीची पार्सले पाठवण्याच्या कामी त्यांनी तिथूनच हातभार लावला. १९४९ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या मायदेशी परतल्या. संसदेत त्या पुन्हा गेल्या नाहीत. पुन्हा उभ्या राहिलेल्या आपल्या संघटनेच्या मानद अध्यक्षा म्हणून २८ जानेवारी १९५६ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे निधन होईपर्यंत त्या तिच्याशी जोडलेल्या राहिल्या.