तुरुंगाच्या दारातला वर्ग

[दृश्य : मुंबई मध्यवर्ती कारागृह, आर्थर रोड. सकाळची वेळ. मुलाकातीसाठी आलेल्या बायका, हातात पिशव्या, कडेवर पोरं.]

निवेदन :

1982 साली सर्वोच्च न्यायालयाकडे मुंबईहून एक पत्र गेलं. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 15 स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं होतं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. आणि तुरुंगात जाऊन या बायकांशी बोलण्याचं काम सोपवलं एका शिक्षिकेकडे. निर्मला निकेतन या मुंबईतल्या समाजकार्य महाविद्यालयाच्या त्या संचालिका होत्या.

बाई कैद्यांशी बोलत असताना तिसरं कुणी तिथे थांबणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

बाई गेल्या, बसल्या, ऐकलं आणि अहवाल दिला. मारहाणीच्या चौकशीसाठी गेलेल्या बाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती : या बायकांना वकीलच मिळत नाही. दोन परदेशी महिलांना एका वकिलाने फसवलं होतं. फीपोटी म्हणून त्यांचे दागिने आणि चीजवस्तू त्याने ठेवून घेतल्या होत्या. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयाने आदेश दिले. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस, अटक होताच कायदेशीर मदत समितीला कळवणं. आज हे सगळं गृहीत धरलं जातं. ते लिहिलं जाण्याआधी समाजकार्य शिकवणारी एक बाई गजांआड जाऊन बसली होती.

गुन्हेशास्त्र आणि मानसिक आरोग्य शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. या विषयाचा अर्धा वर्ग कॉलेजात भरतो आणि अर्धा तुरुंगाच्या दारात.

[दृश्य : नागपाड्याची जुनी वस्ती. नंतर देवनारचा झाडीतला परिसर, दगडी इमारती.]

निवेदन :

1936. नागपाड्यात, गिरणी कामगारांच्या आणि बंदरावर राबणाऱ्यांच्या वस्तीत, क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने समाजकार्याची एक शाळा सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, सगळ्यांच्या तोंडी असलेली 'टिस'. दुसऱ्याच वर्षी तिथे मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानतात. पोर चोरी करतं, घरातून पळतं, शाळेत मारामाऱ्या करतं, तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे बघायची तिथे सोय झाली.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस भारतात आले. तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा वर्ग टिसमध्ये भरला आणि रेकलेस यांनी भारतातल्या तुरुंग कारभारावर अहवाल लिहिला. तुरुंग हे माणूस सुधारण्याचं ठिकाण व्हावं, हा त्याचा गाभा होता. तुरुंगाच्या नोकरीसाठीही शिक्षण लागतं, हे तेव्हा पहिल्यांदा गांभीर्याने घेतलं गेलं.

पण नुसतं अधिकाऱ्यांना शिकवून बराकीत काय फरक पडतो? या प्रश्नाला कृतीतून उत्तर मिळायला 1990 उजाडलं. त्या वर्षी टिसने 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. समाजकार्यकर्ते तुरुंगात, कोर्टात आणि पोलीस ठाण्यात जाऊन काम करू लागले. प्राध्यापक विजय राघवन यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलंय. वर्गात शिकवणारा माणूस आणि तुरुंगात काम उभं करणारा माणूस एकच असला, की विद्यार्थ्याला पुस्तकात लपायला जागा उरत नाही.

[दृश्य : वर्ग. फळ्यावर लिहिलंय : 'कलम 84'. खाली : 'आता कलम 22'.]

निवेदन :

हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाला या कलमापाशी थांबावंच लागतं. भारतीय दंड संहितेचं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22. मनोविकारामुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे, ज्याला कृत्य करताना कळूच शकत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. या विचाराचं मूळ 1843 सालच्या इंग्लंडमध्ये आहे. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली होती. त्या खटल्यानंतर जे नियम घालून दिले गेले, ते 1860 मध्ये आपल्या दंड संहितेत आले आणि आजही जवळपास तसेच आहेत.

डॉक्टर विचारतो, याला आजार आहे का? न्यायाधीश विचारतो, त्या क्षणी याला कळत होतं का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दोन दिशांना जाऊ शकतात. महाराष्ट्रात याचं सगळ्यात कठीण उदाहरण म्हणजे रामन राघव. 1968 मध्ये मुंबईची उपनगरं रात्र रात्र जागवणारा खुनी. त्याला स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष मानसोपचारतज्ज्ञाने खटल्यात दिली. तरीही आपण करतोय ते कायद्याविरुद्ध आहे हे त्याला ठाऊक होतं, असं ठरून त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. मग उच्च न्यायालयात तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं आणि आजार गंभीर असल्याचं मंडळाने सांगितल्यावर फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

या खटल्याबद्दल लोकांना उत्सुकता असते ती खुनांची. विद्यार्थीही आधी तेच विचारतात. चांगला शिक्षक त्यांना तिथून उठवून दुसऱ्या एका खटल्याकडे नेतो, ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

1994 सालचा एप्रिल. महाराष्ट्र पोलिसांतला एक शिपाई. भरदिवसा, स्वतःच्या घरात, कपडे धूत असलेल्या बायकोच्या डोक्यात त्याने वरवंटा घातला. तो पळाला नाही, त्याने काही लपवलं नाही. त्याला जन्मठेप झाली, उच्च न्यायालयात ती कायम राहिली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून त्याला कलम 84 चा लाभ दिला. कशाच्या आधारावर? वडिलांनाही मनोविकार होता. घटनेच्या आधीपासून त्याच्यावर उपचार चालू होते. अटकेनंतर काही महिन्यांत त्याला 25 वेळा उपचारांसाठी न्यावं लागलं होतं.

म्हणजे निकाल फिरला तो दवाखान्यातल्या कागदांवर.

इथे थोडं थांबायला हवं. आपलं मन ठिकाणावर नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने आरोपीवर टाकलेली आहे. आणि आरोपी कोठडीत आहे. सरकारी ओपीडीतला तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर शोधायला कोण जाणार? गावाकडच्या भावाने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली गोळ्यांची चिठ्ठी कोण आणणार? ते वकिलाच्या फीत बसत नाही, पोलिसांना त्याची गरज वाटत नाही. अशा ठिकाणी प्रशिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता लागतो. आणि तो घडवणं हे या प्राध्यापकांचं खरं आयुष्यभराचं काम आहे, असं आम्हाला हा माहितीपट करताना ठामपणे वाटलं.

[दृश्य : फील्डवर्कला निघालेले विद्यार्थी. लोकल. खांद्यावर झोळ्या, हातात वह्या.]

निवेदन :

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना फील्डवर्क चुकत नाही. दिवसभर तुरुंगात किंवा कोर्टात बसायचं, रात्री 'रेकॉर्डिंग' लिहायचं : कोण भेटलं, काय बोललं, आपण काय केलं, आपल्याला काय वाटलं. मग 'आयसी', म्हणजे शिक्षकासमोर एकट्याने बसून त्या लिखाणाची झाडाझडती. "तो गप्प होता असं लिहिलंयस. किती वेळ गप्प होता? तू काय केलंस तेव्हा?" लेक्चर विसरली जातात, पण आयसीत विचारलेला असा एखादा प्रश्न पंचवीस वर्षांनीही माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात येतो.

कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही त्याला, विचारायचा पहिला प्रश्नही इथेच शिकवला जातो. गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही, आजाराबद्दलही नाही. तुला भेटायला कोण येतं? या एका उत्तरात बरंच काही कळतं. कुणीच येत नसेल तर जामीनदार मिळणार नाही, तारखेला वकील उभा राहणार नाही, गोळ्या बंद झाल्या तर कुणी बोंब मारणार नाही. मनोविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत तर घरच्यांना अनेकदा तो कुठे आहे याचाच पत्ता नसतो.

असा माणूस यंत्रणेत हरवला तर किती हरवू शकतो? आसाममधल्या मचांग लालुंग यांना 1951 मध्ये अटक झाली. आरोप गंभीर दुखापतीचा. त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये रुग्णालयाने कळवलं की हा माणूस आता बरा आहे, खटल्याला उभा राहू शकतो. खटला काही उभा राहिला नाही. लालुंग सुटले 2005 मध्ये, 54 वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. कायद्याने इथे कुणालाही शिक्षा सुनावलेली नव्हती. आरोपी मानसिकदृष्ट्या सक्षम नसेल तर खटला स्थगित ठेवावा, ही तरतूद त्याच्या भल्यासाठी केलेली आहे. पण पुढे कुणी फाइल उघडलीच नाही, तर ती स्थगिती जन्मठेपेपेक्षा लांब होते.

[दृश्य : मुंबई महापालिका मुख्यालय. फोर्टमधली वर्दळ.]

निवेदन :

आता आणखी एक पोलीस शिपाई. हा मुंबई पोलीस दलातला. अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मानसिक आजाराने त्रस्त. बायकोला भाजी विकायचा परवाना मिळावा म्हणून तो 1985 मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. भेट मिळाली नाही. त्याने तिथेच अंगावर रॉकेल ओतून घेतलं. त्याला वाचवलं आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला : आत्महत्येचा प्रयत्न, कलम 309.

1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं म्हणणं असं होतं की मनाने खचलेल्या, आजारी माणसाला उपचार हवेत. कोठडीत टाकलं तर त्याची प्रकृती आणखी बिघडेल. हा विचार कायद्यात उतरायला फार वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तो उचलून धरला, 1996 मध्ये मोडीत काढला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानावं आणि तिला शिक्षा करू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम 309 उरलेलं नाही. मुंबईतल्या एका शिपायाच्या प्रकरणात म्हटलेली गोष्ट देशाच्या कायद्यात यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला.

दोन्ही खटल्यांतली माणसं पोलीस होती, याकडे दुर्लक्ष करू नये. फौजदारी न्यायव्यवस्थेतलं मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कैदी येतो. बारा-बारा तासांची ड्यूटी करणारा शिपाई, रात्रपाळीला शंभर माणसांच्या बराकीबाहेर उभा असलेला तुरुंग रक्षक, हेही याच विषयात येतात.

[दृश्य : पडद्यावर आकडे.]

निवेदन :

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी. त्याच वर्षी तुरुंगांत 119 जणांनी आत्महत्या केली. बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात तिथल्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी 5,024 कैद्यांची पाहणी केली होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार व्यसनं बाजूला ठेवली तरी 27.6 टक्के कैद्यांना निदान करता येईल असा मनोविकार होता. आदर्श कारागृह नियमावली सांगते की दर 500 कैद्यांमागे एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा. त्या हिशेबाने देशाला अकराशेहून जास्त माणसं लागतील. 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून आहेत फक्त 25.

शिकलेली मुलं आहेत. जागा नाहीत. वर्गात बसलेल्या मुलीने "सर, हे शिकून नोकरी कुठे?" असं विचारलं की बहुतेक प्राध्यापक स्वयंसेवी संस्थांची नावं सांगतात. पण वेगळं घडू शकतं याचा दाखला मुंबईतच आहे. 1984 मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयात हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या शेजारच्या टेबलावर समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे महाराष्ट्र शासनाने ही योजना आपली मानली आणि असे कक्ष राज्यभर गेले. जे पोलीस ठाण्यांच्या बाबतीत झालं, ते तुरुंगांच्या बाबतीतही व्हायला हवं. यात सवलत मागण्यासारखं काही नाही. नियमावलीत ही माणसं आधीच लिहिलेली आहेत.

[दृश्य : पुन्हा वर्ग. बाकावर 2017 च्या कायद्याची प्रत. कलम 103 अधोरेखित.]

निवेदन :

या कायद्याच्या कलम 103 प्रमाणे प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना, म्हणजे मनोविकारांवर उपचारांची सोय, असायला हवी. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला लेखी कळवायचं की आपल्या तुरुंगात मनोविकार असलेला एकही कैदी नाही. हेतू चांगला आहे : आजारी माणूस उपचारांच्या ठिकाणी जावा, बराकीत पडून राहू नये. पण ज्या तुरुंगात तपासायलाच कुणी नाही, तिथेही 'एकही नाही' असं लिहिता येतं. मंडळाला तुरुंगात जाऊन बघण्याचा आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला कारण विचारण्याचा अधिकार याच कलमाने दिलाय. या विषयाचे विद्यार्थी उद्या अशा मंडळांसमोर अर्ज करतील, काही जण त्या मंडळांवर बसतीलही. अहवाल हातात आल्यावर सही बघून पुढे सरकायचं नाही, बराकीत जाऊन बघायचं, इतकं त्यांना आज या वर्गात शिकवलं जातंय.