'लिसन'चं गोत्र

मागे ऐकू येतंय ना? शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी हात वर केला, म्हणजे येतंय.

आता मी जे विचारलं, तिथूनच सुरुवात करू. 'ऐकू येतंय का' असं विचारलं, म्हणून आजोबांनी हसून हात वर केला. 'ऐकताय का' असं विचारलं असतं तर ते रागावले असते. 'मला ऐकू येतं' यात माझं कर्तृत्व काहीच नाही, आवाज आपला आपण कानात शिरतो. 'मी ऐकतो' म्हटलं की कर्ता मी. मराठीनं एकाच क्रियापदावर हे भागवलं, इंग्रजीनं दोन वेगळी ठेवली: हिअर आणि लिसन. आज लिसनबद्दल बोलायचंय.

आणखी एक अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे. 'आमचं कार्टं अजिबात ऐकत नाही' असं आई म्हणते तेव्हा ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. ऐकणं म्हणजे मानणं. इंग्रज आईही वैतागून लिसनच म्हणते. आज्ञा पाळण्यासाठी इंग्रजीत जो 'ओबे' आहे, त्याच्या पोटातही लॅटिनमधलं 'ऐकणं' लपलंय.

आमचे पाचवीचे सर 'लिस्टन' म्हणायचे, आणि चाळीस पोरं एका सुरात 'लिस्टन' म्हणायची. पुढे कॉलेजात माझं फार हसं झालं. नंतर या शब्दाचा इतिहास वाचला आणि सरांवरचा राग गेला. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'ह्लिस्नन' असा होता. सुरुवातीला ह, आणि टी कुठेच नाही! शेजारी त्याच कुळातला, त्याच अर्थाचा दुसरा शब्द होता, 'ह्लिस्टन'. त्याचा पुढे 'लिस्ट' झाला. हॅम्लेटच्या बापाचं भूत 'लिस्ट, लिस्ट, ओ लिस्ट!' म्हणतं ते यादी मागत नाही. 'ऐक, ऐक, अरे ऐक' म्हणतं. या लिस्टच्या संगतीनं टी 'लिसन'मध्ये शिरला. ह गेला, टी आला, आणि कासल, फासन या शब्दांतल्यासारखा कालांतरानं मुका झाला. तेव्हा सर चुकले खरे, पण त्या टीला एकेकाळी आवाज होता.

आता सकाळी सहाला फोनवर येणारा तो सुविचार. 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची सहाही अक्षरं तीच, म्हणून ऐकायचं असेल तर आधी गप्प बसा. वर कमळाचं चित्र. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मी काही बोलत नाही. पण हिशोब बघा. सहा वेगळी अक्षरं 720 प्रकारे मांडता येतात. त्यातून 'टिन्सल' निघतो, म्हणजे ख्रिसमसच्या झाडावरची चमकी. 'इनलेट्स' निघतो, म्हणजे खाड्या. 'एन्लिस्ट' निघतो, म्हणजे फौजेत भरती होणं. मग 'ऐकायचं असेल तर भरती व्हा' असा सुविचार का येत नाही? सायलेंट लॅटिनमधून आलाय, टिन्सल 'ठिणगी' या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आलाय. लिसनशी त्यांची सोयरीक नाही. एकाच डब्यात शेजारी बसलेले प्रवासी म्हणा.

अक्षरांची ही उलथापालथ कधीकधी गंभीर कामालाही आलीय. अकरावीत स्प्रिंग ताणून आपण ज्याचा नियम शिकतो, त्या रॉबर्ट हूकनं 1676 साली आपला शोध 14 लॅटिन अक्षरं नुसती वर्णानुक्रमे लावून छापला. कुणाला अर्थ कळेना, पण शोधावर हक्क त्याचाच राहिला. 1678 मध्ये त्यानं उलगडा केला: जसा ताण, तसं बल. पेटंटचा अर्ज म्हणायचा की गुप्त चिठ्ठी, तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे हा खेळ वेगळा होतो, कारण आपण अक्षर मात्रेसकट उचलतो. वाल्याच्या कथेत 'मरा मरा' म्हणताना 'राम' होतो तो असाच. 'कविता'ची तीन अक्षरं हलवा, 'विकता' होतं. कविता विकता येत नाही हे इथल्या कवींना मी सांगायला नको. पण काना सुटा काढायची परवानगी दिलीत, तर 'नवरा'चा 'वानर' होतो. (टाळ्या बायकांकडूनच का आल्या?)

तर लिसनची खरी भावकी कुठे आहे? त्या हरवलेल्या ह मध्ये. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं 1822 मध्ये व्यंजनबदलाचा नियम मांडला. संस्कृत आणि इंग्रजी यांच्या सामाईक आजीभाषेतला मूळचा क इंग्रजी, जर्मन अशा जर्मानिक भाषांत ह होतो, आणि संस्कृतात त्याच्या एका प्रकाराचा श होतो. म्हणून आपलं शत, त्यांचं हंड्रेड. आपलं श्वान, त्यांचं हाउंड. आपलं शृंग, त्यांचं हॉर्न. मग 'ह्लिस्नन'मधल्या ह च्या जागी श ठेवा, आणि ल-र हे तर जुने अदलाबदल करणारे. हाती येतो 'श्रु' धातू! श्रवण, श्रोता, श्रुती. या सभागृहात बसलेले तुम्ही श्रोते, आणि लिसन हा तुमच्या नात्यातला.

गंमत पुढेच आहे. 'श्रुत' म्हणजे ऐकलेलं. त्याचा सख्खा इंग्रजी भाऊ आहे 'लाउड'. सुविचारवाल्यांनी सायलेंटला घरात घेतलं, पण रक्ताचा भाऊ दाराबाहेर बोंबलत उभा आहे.

आणि आपल्या घरातला एक, ज्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही: शुश्रूषा. धातू हाच, श्रु. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्याची इच्छा, मग आज्ञापालन, मग सेवा, आणि मराठीत येईपर्यंत आजाऱ्याच्या उशाशी बसणं. औषध देणं, पाय चेपणं वगैरे सगळं नंतर आलं.

हिअर मात्र या गोत्रातला नाही, त्याचं घराणं वेगळं. पण परवा सहज त्याची चार अक्षरं हलवून बघितली, तर 'हेअर' निघाला. केस नव्हेत, ससा. हाही निव्वळ योगायोगच. तरी सशाचे कान आठवले आणि सकाळी सहाला कुणाला तरी पाठवून द्यावं, असं क्षणभर मलाही वाटलं.