गोळी मेंदूसाठी, मग हात का लटकतो?

तर मंडळी, आज विषय बार्बिच्युरेट, म्हणजे मेंदू शांत करून झोप आणणारी औषधं, आणि स्नायू एवढाच. ही औषधं घेऊन गाढ झोपलेल्या माणसाला उचलायला गेलं की हात लटकतो, मान एका बाजूला कलते, आणि मग बऱ्याच जणांना वाटतं की औषधाने स्नायूच सैल केले. हा समज मला मनापासून खोडून काढायचाय, कारण पेशंटचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो.

आधी स्नायू आखडतो कसा ते पटकन बघू. मेंदूतून आदेश निघतो, मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनपर्यंत (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीपर्यंत) येतो, तिथून नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, टोकाला ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला (रसायन पकडणाऱ्या जागेला) चिकटतं, विजेची लाट पसरते, आतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं आणि मग मायोसिनची डोकी ॲक्टिनचे तंतू धरून ओढायला लागतात. बार्बिच्युरेटचा मुख्य अड्डा या साखळीत अगदी वर आहे, मेंदू आणि मज्जारज्जूत. तिथे गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर असतात, ते उघडले की क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. हे औषध ते चॅनेल नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि डोस खूप वाढला तर गाबा नसतानाही उघडतं, शिवाय ग्लुटामेटचे उत्तेजक सिग्नलही दाबतं. आपल्या स्नायूंमध्ये जागेपणी जो थोडासा ताण कायम असतो ना, तो वरून सतत येणाऱ्या सिग्नलमुळे असतो, ते मंदावले की हात लटकणारच. स्नायू स्वतः मात्र ठणठणीत असतो.

हे दाखवणारा प्रयोग मला फार आवडतो, फिजिऑलॉजीच्या लॅबमधला जुना प्रयोग. बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या नसेसकट काढायचा, रिंगरच्या द्रावणात (स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) ठेवायचा, एक टोक पक्कं आणि दुसरं टोक दोऱ्याने लिव्हरला बांधायचं. नसेला बारीकसा शॉक दिला की स्नायू झटका देतो आणि काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर पांढरी रेघ उठते. आता द्रावणात बार्बिच्युरेट घाला, झोपेला लागतं तेवढंच, रेघेच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. खूपच जास्त घातलं तर रेघ बुटकी व्हायला लागते, पण तेव्हा इलेक्ट्रोड नसेवरून काढून थेट स्नायूवर टेकवला तर तो अजून झटका देतो! म्हणजे जास्त डोसलाही आधी कमी पडतो तो नस-स्नायूचा सांधा, ॲसिटाइलकोलीनच्या रिसेप्टरचा प्रतिसाद. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉड बर्नार्ड यांनी १९व्या शतकात क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष नेमकं कुठे काम करतं ते याच युक्तिवादाने शोधलं होतं, फक्त क्युरारे त्या सांध्यावर थोड्याशा डोसलाच बसतं, बार्बिच्युरेट नाही.

म्हणूनच ऑपरेशन थिएटरमध्ये दोन वेगळी औषधं लागतात. थायोपेंटोन हे बार्बिच्युरेट १९३४ पासून वापरात आहे, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून दिलं की साधारण अर्ध्या मिनिटात माणूस झोपतो, पण नुसत्या त्याच्यावर घशात नळी घालायला गेलात तर स्वरयंत्राचे स्नायू गच्च आवळून बसू शकतात. त्यासाठी सक्सिनिलकोलीनसारखं खरं मसल रिलॅक्संट वेगळं द्यावं लागतं. आणि गंमत बघा, थायोपेंटोनच्या त्या एका डोसनंतर ५-१० मिनिटांत जाग येते कारण औषध मेंदूतून निघून मुख्यतः स्नायूंमध्येच जाऊन साठतं, लिव्हर त्याचा निकाल नंतर सावकाश लावतं.

हृदयाचं मात्र वेगळं आहे, तिथे थेट परिणाम होतो. हृदयाच्या पेशीत बाहेरून येणारं कॅल्शियम हे औषध कमी करतं, ठोक्याचा जोर उतरतो, शिरा सैल पडतात आणि बीपी खाली येतं. धडधाकट माणसाचं हृदय वेग वाढवून सांभाळून घेतं, पण खूप रक्त गेलेल्या पेशंटला नेहमीचा डोसही महागात पडतो.

आता श्वास. ओव्हरडोसमध्ये माणूस बहुतेक वेळा जातो तो श्वास थांबून, आणि छातीचा पडदा (श्वास घ्यायला लावणारा डायफ्रॅम स्नायू) तेव्हाही आखडायला तयार असतो, त्याला हलवणारं मेंदूच्या देठातलं केंद्र गप्प झालेलं असतं. याला उतारा म्हणून औषध नाही. पूर्वी अशा पेशंटला उत्तेजक औषधं टोचून उठवायचा प्रयत्न व्हायचा, त्याने झटकेच यायचे, मग १९४०च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी ते सोडून श्वासनलिका मोकळी ठेवणं, श्वासाला आधार देणं, बीपी सांभाळणं यावर भर दिला आणि मृत्यू खूपच कमी झाले. मशीनने श्वास देत राहा, औषध उतरू दे, केंद्र जागं होतं आणि पडदा परत कामाला लागतो. म्हणून असा माणूस दिसला, श्वास मंद वाटला, तर तो झोपलाय असं समजून सोडून देऊ नका, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.

उलट बाजूही सांगतो. फिनोबार्बिटोन हे बार्बिच्युरेट १९१२ पासून फिटवर दिलं जातंय, पेशींचा एकदम होणारा भडिमार थांबला की हातापायांचे झटके थांबतात. पण महिनोन्‌महिने घेतल्यावर मेंदू त्या दाबाशी जुळवून घेतो, आणि गोळी अचानक बंद केली की तोच मेंदू उसळतो, हात कापतात, स्नायू फडफडतात, ज्याला आधी कधी फिट आली नव्हती त्यालाही येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, आठवडे लावूनच उतरवायचा.